रुएलसाठी जुळवलेला कंप्युटर

रुएल बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे पावांनी भरलेली गाडी काढायची, ओतोन, तिग्बाउआन, गिम्बाल अशी गावं करत जायचं आणि दुपारपर्यंत आमच्या बेटावरच्या मोठ्या शहरात, इलोइलोला, परत यायचं. बारा वर्षं त्यानं हे काम केलं आणि बारा वर्षांत त्याच्या गाडीखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. मग एकाच महिन्यात त्यानं दोनदा कडेच्या खांबाला गाडी घासली आणि तिसऱ्यांदा एका उभ्या ट्रायसिकलला, म्हणजे मोटारसायकलच्या रिक्षाला, ठोकली. ट्रायसिकलवाला बोंबलत आला, "आंधळा आहेस का?" रुएल उतरून पाहतो तर ट्रायसिकल खरंच तिथं होती. भर सकाळी, रस्त्याच्या उजव्या अंगाला. त्याला ती दिसलीच नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत औषध घालून तासभर तपासलं आणि त्याच्या बायकोला, गेर्लीला, आत बोलावलं. डोळ्याचा आतला पडदा कडेकडून वाळत चालला होता. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, शेवटी मधलं. यावर औषध नाही. रुएलच्या मामाचं असंच झालं होतं, पण तो दारू पितो म्हणून धडपडतो असंच घरात सगळे समजत होते. "किती दिवस?" गेर्लीनं विचारलं. बाई म्हणाल्या, "कुणाकुणाला वीस वर्षं लागतात. यांचा वेग फार आहे. वर्ष धरा. कमीही असेल."

बेकरीच्या मालकानं त्याला बरी रक्कम देऊन निरोप दिला. गेर्ली औषधाच्या दुकानात काउंटरवर होती, त्यामुळं घर चालणार होतं. मूलबाळ नव्हतं. त्या रकमेतून रुएलला एकच गोष्ट हवी होती. एक गेम खेळायचा होता.

हे ऐकून कुणी हसेल. मी हसलो नाही. शाळा सुटल्यावर समोरच्या कंप्युटरच्या दुकानात आम्ही दोघं एका खुर्चीवर बसून मोठे झालो. पैसे एकाच तासाचे असायचे, म्हणून माऊस त्याच्या हातात आणि कीबोर्ड माझ्या. पुढं मी त्याच धंद्यात पडलो. शहरातल्याच ला पाझच्या बाजारात, वरच्या मजल्यावर, दुरुस्तीचं एक खोकं टाकलं. रुएल गाडीवर गेला, त्याचं खेळणं जवळजवळ सुटलं. आता घरी बसल्यावर तो मोबाइलवर लोकांना खेळताना पाहायचा. नवा गेम होता, उत्तरेकडचा मोठा मुलूख, डोंगर, बर्फ, खाली एक घोडा आणि वाटेल तिकडं जायची मुभा. "दुसऱ्याला जेवताना बघण्यासारखं आहे रे हे," तो म्हणायचा.

एका शनिवारी सकाळी तो माझ्या खोक्यावर आला. जिन्यात त्याला वेळ लागला.

"गेर्लीनं मॉलमध्ये टीव्हीला लावून खेळायचा कन्सोल बघून ठेवलाय," तो म्हणाला. "उद्यापर्यंत सवलत आहे. म्हटलं, घेण्याआधी तुझ्या कानावर घालावं. नाहीतर म्हणशील, घरात वैद्य असून रोगी बाहेर गेला."

"कन्सोल?" मी म्हणालो. "तो बंद डबा?"

"डबा तर डबा. चालतो ना?"

"चालतो. त्यांनी ठरवलं तसा चालतो. त्यात तुला एक स्क्रू फिरवता येत नाही. उद्या काही बिघडलं तर आख्खा डबा फेकायचा. तेवढ्याच पैशात मी तुला कंप्युटर जुळवून देतो. एकेक भाग निवडून. थोडं जुनं, थोडं नवं. असा पळेल की बघत राहशील."

बघत राहशील, असं मी म्हणालो. रुएल फक्त हसला, आणि मी जीभ चावली.

मी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. चार वर्षांत माझ्याकडं कुणी आख्खा कंप्युटर जुळवायला आलं नव्हतं. फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या, चहा सांडलेले लॅपटॉप, एवढंच माझ्या हातून जायचं. ज्या कामासाठी मी धंद्यात पडलो ते काम करून मला युग लोटलं होतं. रुएल समोर उभा होता, खिशात पैसे होते, आणि माझ्या हातांना खाज सुटली.

त्या संध्याकाळी त्यांच्याकडं जेवायला गेलो. गेर्लीनं तुरीच्या शेंगा आणि फणस घालून डुकराचं कालवण केलं होतं. माझ्या ताटात वाढता वाढता तिनं विषय काढला.

"नोंग, एक सांगा." मी रुएलपेक्षा वर्षभरानं मोठा, म्हणून ती मला नोंग म्हणजे दादा म्हणायची. "कन्सोल आणला तर हा खेळायला कधी लागेल?"

"त्याच दिवशी."

"आणि तुमचा कंप्युटर?"

"महिनाभर. फार तर दीड महिना."

"मग संपलं की. विचारायचं काय त्यात?"

"गेर्ली, ऐक तर. टीव्ही मोठा. याला दिसतं मधलं. मोठ्या पडद्याचे कोपरे याला दिसणारच नाहीत, आणि सगळ्या खुणा, नकाशा, जीव किती उरला ते, सगळं असतं कोपऱ्यात. कंप्युटरवर मी सगळं याच्या डोळ्यांजोगं करून देईन. छोटी स्क्रीन, जवळ ठेवायची. अक्षरं मोठी. उजेड वाढवायचा, रंग बदलायचे. त्या डब्यात यातलं निम्मं जमत नाही."

रुएलनं जेवण थांबवलं. "हे पटतंय मला."

"पटेलच," गेर्ली म्हणाली. "यांनी तुला चंद्रावर प्लॉट विकला तरी तुला पटेल." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमचं म्हणजे कसं आहे, भुकेल्या माणसाला म्हणायचं, थांब बाबा, तुझ्यासाठी चांगलं बियाणं आणतो, भात लावतो."

मी हसलो. रुएलही हसला. गेर्ली हसली नाही. तिनं औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला पेननं गोल केला आणि परत टांगून ठेवलं.

"डॉक्टरीणबाईंनी महिने मोजून दिलेत," ती म्हणाली. "तुम्हीही मोजूनच घ्या."

पहिले तीन आठवडे चांगले गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. एका कॉल सेंटरनं जुना माल काढला, त्यातून प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळाला. पेटी एका शाळेतल्या मास्तरांकडून आली. मेमरी आणि वीज पुरवणारा डबा मी नवा घेतला, कारण तिथं काटकसर केली की सगळंच जळतं. रुएल रोज सकाळी यायचा, माझ्या स्टुलावर बसायचा आणि स्क्रू बसवायचा. बोटांनी भोक शोधायचा, त्यात स्क्रू धरायचा, मग स्क्रूड्रायव्हर. एखादा खाली पडला की आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधायचो आणि बहुतेक वेळा त्यालाच सापडायचा, कारण तो हातानं फरशी चाचपायचा आणि मी नुसता बघत बसायचो. खाली बाजारातून बाचोयच्या, म्हणजे शेवयांच्या, रश्शाचा वास यायचा. अकराला आम्ही एकेक वाडगा मागवायचो. "गाडीवर असताना मला कधी अकरा वाजता गरम खायला मिळालं नाही," तो म्हणायचा.

राहिलं होतं ग्राफिक्स कार्ड. गेमचं सगळं चित्र तोच भाग काढतो. बाकी सगळं असलं आणि तो नसला तर खेळ नाही. आणि त्याच सुमारास कार्डांचे भाव चढले. मी पाहून ठेवलेलं कार्ड आठवड्यात दीडपट झालं. मी म्हणालो, "थांबू. उतरतील." पुढच्या आठवड्यात आणखी चढले. मी म्हणालो, "आता उतरतीलच." चार आठवडे मी हेच म्हणत होतो. गेर्लीनं केलेला गोल मागं पडला. तिनं कॅलेंडरचं पान तेवढं उलटलं.

अडीच महिन्यांनी समोरच्या बेटावरच्या बाकोलोदच्या एका माणसाची जाहिरात दिसली. आमच्या ऐपतीतलं कार्ड होतं, जुनं पण चांगल्या जातीचं. मी एकटाच जाणार होतो. रुएल म्हणाला, "मीपण येतो. बोटीत बसून किती वर्षं झाली."

दीड तासाचा प्रवास. तो खिडकीपाशी बसला आणि समुद्राकडं बघत राहिला. मग त्यानं अंगठा आणि बोटं जुळवून गोल केला आणि डोळ्यापुढं धरला.

"आधी ताटाएवढं दिसायचं," तो म्हणाला. "बेकरी सोडली तेव्हा बशीएवढं. आता वाटीएवढं राहिलंय. पण वाटीत आहे ते स्वच्छ आहे बघ. तो माणूस दिसतोय, होडीतला, लाल टोपीवाला."

"दिसतोय."

"मलापण दिसतोय," तो म्हणाला. त्याला फार आनंद झाला होता.

विकणारा माणूस पन्नाशीचा, पायात रबरी चपला, बोलायला गोड. कार्ड भाच्याचं, म्हणाला. भाचा कॅनडाला गेला. मी ते त्याच्याच कंप्युटरवर लावून तासभर चालवलं, उष्णता तपासली, पंखे ऐकले. मला जे जे तपासता येतं ते सगळं तपासलं. कार्डात कुठं खोट दिसली नाही. परत येताना धक्क्यापाशी आम्ही कोळशावर भाजलेली कोंबडी खाल्ली आणि रुएल कार्डाचा खोका मांडीवर घेऊन बसला, जसं काही त्यात अंडी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाहेरच्या खोलीत कंप्युटर सुरू झाला. गेर्लीनं पंख्याचा आवाज ऐकला आणि स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "चालतो?" तिनं विचारलं. "चालतो," मी म्हणालो, आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं बघून मनापासून हसली.

गेमची सुरुवात खाणीतल्या बोगद्यात होती. सगळा अंधार. रुएलला काही दिसेना. मी उजेड वाढवला, रंग बदलले, अक्षरं मोठी केली. जे जे कबूल केलं होतं ते सगळं केलं. त्यालाही वेळ लागला, पण जमलं. कडेच्या भिंती दिसत नसल्यामुळं तो सारखा आपटायचा. मी संध्याकाळी खोकं बंद करून जायचो आणि शेजारी बसून सांगायचो, "डावीकडं. अजून थोडं. हां." ज्या बोगद्यातून पोरं अर्ध्या तासात निघतात तिथून निघायला त्याला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तो उजेडात आला, त्याला घोडा मिळाला आणि एका उतारावरून तो अर्धा पाऊण तास नुसता फिरला. कुणाला मारलं नाही, काही गोळा केलं नाही. घोडा थांबवायचा, मान हळूहळू वळवायची, वाटीत मावेल तेवढं बघायचं, पुन्हा मान वळवायची.

सहाव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "जोमार, पडद्यावर रेघा आल्यात. हिरव्या. माझे डोळे आहेत की कंप्युटर, तू येऊन सांग."

कंप्युटर होता. कार्ड गेलं होतं.

मी ते खोक्यावर आणून उघडलं. गरम हवेनं चिपची डाकं वितळवून पुन्हा बसवून पाहिली, दोनदा. तिसऱ्यांदा करायला घेतलं आणि चिपच उखडली. आतल्या पट्ट्यांमधून तेल झिरपलेलं होतं. हे कार्ड कुठल्या भाच्याकडं नव्हतं. कुणीतरी ते कंप्युटरवर आभासी नाणी खोदायच्या धंद्यात रात्रंदिवस राबवून पिळून काढलं होतं. बाकोलोदचा नंबर लागेना. चार दिवसांनी ती जाहिरातही नाहीशी झाली.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या घरी माझा कंप्युटर होता. त्यात चांगलं कार्ड होतं, रुएलच्या कार्डापेक्षा दुपटीनं चांगलं. रोज जेवण झाल्यावर मी दोन तास त्यावर खेळायचो, दाव्हाओच्या चार मित्रांबरोबर, ज्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. रुएलचं कार्ड गेलं त्याच दिवशी माझ्या मनात आलं की आपलं काढून द्यावं. मनात आलं आणि अंगणात आलेलं मांजर हाकलावं तसं मी ते हाकललं. ते परत यायचं, मी परत हाकलायचो. माझ्या बाजूनं कारणं भरपूर होती. त्याच्या वीजपुरवठ्याला ते झेपणार नाही. माझाही दिवसभराचा तेवढाच विसावा. पुढच्या महिन्यात भाव उतरतीलच.

दोन महिन्यांनी गेर्ली एकटी माझ्या खोक्यावर आली. दुकानाचा पांढरा कोट अंगावर, जेवणाच्या सुट्टीतून आली होती.

"नोंग, मी हप्त्यावर कन्सोल घेतेय," ती म्हणाली. "दुकानवाल्याशी बोललेय. पण हा नको म्हणतो."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. म्हणतो, जोमारनं एवढी खटपट केली, आता डबा आणला तर त्याच्या तोंडावर मारल्यासारखं होईल." तिनं काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "तुम्ही त्याला सांगा. एवढं करा. तुम्ही घे म्हणालात तर तो घेईल."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"अगं सांगतो म्हटलं ना."

आणि मी सांगितलं. कसं सांगितलं ते ऐका. त्याच्या दारात उभं राहून म्हणालो, "गेर्ली म्हणते तर घे बाबा कन्सोल. मला काय वाटायचंय? फक्त एवढंच की दोन आठवड्यांत एक कार्ड येतंय माझ्याकडं, मनिलाहून. तेवढं थांबलास तर सगळा खर्च सार्थकी लागेल. पण तू बघ."

रुएलनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "थांबतो की," तो म्हणाला. "दोन आठवडे म्हणजे काय."

मनिलाहून कार्ड आलं नाही. ज्यानं कबूल केलं होतं त्यानं जास्त पैसे देणाऱ्याला विकलं. मी रुएलला फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असू दे, असू दे," जणू माझंच काहीतरी गेलं होतं. त्यानंतर मी त्यांच्याकडं जाणं कमी केलं. तोंड काय दाखवायचं? महिना गेला, मग दुसरा, मग तिसरा.

एका रविवारी चर्च सुटल्यावर बाजारात मला ते दोघं दिसले. गेर्ली पुढं, हातात भाजीची पिशवी. रुएल तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं. गर्दीत तो पाय उचलून टाकत नव्हता, सरकवत होता. त्याच्यासमोरून मी दोन हातांवरून गेलो. त्याला मी दिसलो नाही. गेर्लीला दिसलो. तिनं मला थांबवलं नाही.

घरी जाऊन मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्या कंप्युटरातलं कार्ड काढलं. दहा मिनिटं लागली. पाच महिने मी जे काम केलं नाही त्याला दहा मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडं गेलो. रुएल एकटाच होता, दार उघडं टाकून बाहेरच्या खोलीत बसलेला. कंप्युटरवर गेर्लीनं टॉवेल घातला होता.

"कार्ड मिळालं," मी म्हणालो.

"अरे वा! कुठून?"

"मिळालं. तू बस."

मी कार्ड बसवलं. ते त्याच्या वीजपुरवठ्याला छान झेपलं. गेम सुरू झाला, तो उतार आला, दूरवरचे डोंगर आले. माझ्या कार्डावर ते सगळं पूर्वीपेक्षा कितीतरी सुंदर दिसत होतं. मी खुर्ची पुढं ओढली, त्याचा हात माऊसवर ठेवला. घोडा निघाला आणि सरळ एका खडकाला जाऊन भिडला. तिथंच पाय झाडत राहिला.

"उजवीकडं घे," मी म्हणालो.

"घेतो. बघतोय मी."

घोडा उजवीकडून निघाला आणि ओढ्यात उतरला. रुएल स्क्रीनकडं तोंड करून बसला होता, मान जराशी तिरकी. "छान आहे रे," तो म्हणाला. "अक्षरंपण मोठी केलीस."

तेवढ्यात कंप्युटरनं नवं कार्ड ओळखलं आणि स्वतःहून काहीतरी बसवायला घेतलं. पडदा काळा झाला. नुसता काळा, त्यावर काहीच नाही. मी म्हणणार होतो, थांब, एक मिनिट लागेल. पण रुएल थांबला नव्हता. तो माऊस हळूहळू उजवीकडून डावीकडं नेत होता, डोंगरावरून नजर फिरवावी तसा.

"काय बर्फ पडलाय," तो म्हणाला. "वा! याच्यासाठी थांबलो त्याचं सार्थक झालं बघ."

मी काळ्या पडद्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो एवढं लक्ष लावून खोटं बोलत होता की मला त्याला अडवायचा धीर झाला नाही.

"हो ना," मी म्हणालो. "फार सुंदर आहे."

"तू जा आता. खोक्यावर गिऱ्हाईक आलं असेल. मी खेळतो निवांत."

मी फाटकाबाहेर आलो तर गेर्ली कामावरून परत येत होती. माझा चेहरा पाहूनच तिनं ओळखलं.

"दिसत नाही ना त्याला," मी म्हणालो.

"मधलं गेलं महिन्यापूर्वी. उजेड कळतो, खिडकी कुठं आहे ते कळतं. बास." ती रागानं बोलत नव्हती. गोळ्या कधी घ्यायच्या ते गिऱ्हाइकाला सांगावं तशी बोलत होती. "तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

मी निघायला वळलो.

"आणखी एक सांगते, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही येत नव्हता त्या महिन्यांत मी त्याला दर रविवारी मॉलमध्ये न्यायची. त्या कन्सोलच्या दुकानाबाहेर एक मांडून ठेवलेला असतो, लोकांना खेळून बघायला. गाड्यांचा खेळ होता. पोरांची रांग असायची. हा त्या पोरांच्या रांगेत उभा राहायचा. नंबर आला की पाच मिनिटं, मग परत रांगेच्या शेवटी. अशी गाडी चालवायचा नोंग, पोरं टाळ्या वाजवायची. तेवढा मोठा पडदा, पण त्याला रस्ता दिसायचा. कोपरे लागतच नव्हते त्याला. रस्ताच हवा होता." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सात रविवार गेलो. मग दुकानातल्या पोरानं सांगितलं, सर, हे लहान मुलांसाठी आहे. त्यानंतर हा आला नाही."

"तेव्हाच घेतला असता तर..." मी म्हणालो.

"तेव्हा दिसत होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

या गोष्टीला दोन वर्षं होत आली. गेर्लीनं कंप्युटर विकला; माझं कार्ड परत घ्या म्हणून तिनं निरोप पाठवला होता, मी गेलो नाही, मग तिनं तेही त्यातच विकलं असणार. रुएलनं अंध लोकांच्या संस्थेत मालिशचं काम शिकून घेतलं. आता तो बसस्टँडजवळ, प्रवाशांची वाट बघायची जागा आहे तिथं, आणखी तिघांबरोबर काम करतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, निळे सदरे, पंधरा मिनिटांचे वेगळे दर, अर्ध्या तासाचे वेगळे.

मी तिथून बरेचदा गेलो. गेल्या महिन्यात एकदा खुर्ची रिकामी होती, जाऊन बसलो. नाव सांगणार होतो, त्याआधीच तो म्हणाला, "खांदे केवढे आवळलेत तुमचे. बसून काम करता?"

"मी जोमार."

त्याचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले. त्यानं खोक्याची चौकशी केली. गिऱ्हाईक आहे का? आहे, थोडंफार. आई कशी आहे? बरी आहे. गेर्ली? गेर्लीची आता रात्रपाळी असते, तिची भेट होते ती सकाळी अर्धा तास. त्याचे अंगठे माझ्या मानेखाली जोरानं दाबत होते. काम त्याला चांगलं यायला लागलं होतं.

"रुएल," मी म्हणालो, "त्या वेळी मी..."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"नाही, तुला माहीत नाही. माझ्या घरी पहिल्यापासून..."

"कार्ड होतं. माहीत आहे. मी तुझ्याकडं येऊन खेळलो नव्हतो का कधी? बेकरीत असताना?"

बस लागल्याची घोषणा झाली. माणसं उठली, पिशव्या सरकल्या. मी वाट बघत होतो की तो आता म्हणेल, असू दे, असू दे. त्याला ते म्हणायची सवय होती.

"मला राग आहे तुझा," तो म्हणाला. हळू आवाजात, बाजूच्याला ऐकू जाऊ नये असं. "रोज नाही येत. पण येतो तेव्हा दिवसभर जात नाही. मी रोज वाट बघायचो, आज म्हणशील, उद्या म्हणशील. मी मागितलं नाही. मागायला हवं होतं, पण नाही मागितलं." त्यानं माझा डावा खांदा सोडला, उजवा धरला. "पंधरा मिनिटं झाली. अजून घेणार आहेस का? मागं बाई थांबल्यात."

मी उठलो. पैसे पुढं केले. त्यानं नोट बोटांत धरून तिच्यावरच्या उंचवट्याच्या खुणा चाचपल्या, कमरेच्या पिशवीतून सुटे काढून बरोबर मोजून दिले. मग खुर्चीची पाठ फडक्यानं पुसली आणि मागच्या बाईंना म्हणाला, "या, बसा. कुठं दुखतंय?"